मार लागून आठवडे झाले, तरी डोकं ताळ्यावर का येत नाही?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं
(हे सदर मेंदूविकारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट मिळून लिहितात.)

पावसात घसरलेली दुचाकी, मैदानावर डोक्यावर आदळलेलं डोकं, मोरीतली ओली फरशी. या महिन्यातल्या पत्रांमधली कारणं वेगवेगळी आहेत, तक्रार मात्र जवळपास एकच आहे: मार लागून आठवडे उलटले, तरी डोकं दुखतं, सुचत नाही, लक्ष लागत नाही. त्यातलं एक पत्र आधी घेतो, कारण त्याला थांबायला वेळ नाही.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. पाच आठवड्यांपूर्वी मोरीत घसरून पडले, डोक्यामागे टेंगूळ आलं. हृदयासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू आहे. शुद्ध गेली नव्हती म्हणून तेव्हा स्कॅन केला नाही. आता आठवडाभर ते दिवसा पेंगत असतात, चालताना डावी चप्पल पायातून निसटते, नातवंडांची नावं चुकतात. वयामुळे असेल का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नाही. वयाचा परिणाम असा आठवड्याभरात दिसत नाही. आजच सीटी स्कॅन करून घ्या. (हे तुम्हाला पत्र छापण्याआधीच फोनवर कळवलं आहे. इथे छापतोय ते इतर घरांसाठी.) उतारवयात मेंदू थोडा आक्रसतो, त्यामुळे मेंदू आणि त्याच्या आवरणाला जोडणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. साध्या धक्क्यानेही त्यातली एखादी फुटते, रक्त थेंबाथेंबाने साचतं आणि तीन ते सहा आठवड्यांनी मेंदूवर दाब येऊ लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि रोजची दारू यांमुळे हा धोका वाढतो. कवटीला लहान छिद्र पाडून हे रक्त काढता येतं आणि वेळेत काढलं तर माणूस पुष्कळदा पूर्ववत होतो. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात किंवा जिथे स्कॅन आणि न्यूरोसर्जन दोन्ही मिळतील अशा दुसऱ्या रुग्णालयात न्या. गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते तिथले डॉक्टर ठरवतील.

पुढची सगळी उत्तरं वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. दर दिवशी वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, फिट, एका बाजूचा अशक्तपणा, बोलणं अडखळणं, जागं करायला कठीण जाणं, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांचा आकार वेगळा दिसणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव येणं, यांपैकी काहीही दिसलं तर या सदरातले उपाय बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.

प्रश्न : वय ३४. मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेब बघतो. सात आठवड्यांपूर्वी गाडी घसरून पडलो, हेल्मेट होतं, मिनिटभर काही आठवत नाही. सीटी स्कॅन नॉर्मल. विश्रांती सांगितली म्हणून महिनाभर घरीच अंधाऱ्या खोलीत पडून होतो. आता कामावर गेलो की अकरापर्यंत डोकं जड होतं, टॅलीमधले आकडे हलल्यासारखे वाटतात, सौद्याचा गोंगाट सहन होत नाही. घरचे म्हणतात, स्कॅन चांगला आहे म्हणजे सगळं मनाचं आहे.
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : आधी घरच्यांसाठी. कवटी फुटलेली नाही आणि आत रक्त साचलेलं नाही, एवढंच सीटी स्कॅन सांगतो. पेशींच्या पातळीवर काय बिघडलं ते त्यात दिसत नाही. डोकं झटक्यात हललं की मेंदूतल्या पेशी ताणल्या जातात, पोटॅशियम त्यांच्या बाहेर आणि कॅल्शियम आत जातं. हा तोल परत आणायला पेशींना जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा थोडा कमी झालेला असतो. एरवीसुद्धा शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा मेंदूलाच लागते. म्हणून सुरुवातीला साधी बेरीजही थकवते.

बहुतेक प्रौढांमध्ये हे दोन ते चार आठवड्यांत निवळतं. चार आठवड्यांपलीकडे त्रास राहिला की त्याला रेंगाळलेली लक्षणं म्हणतात आणि मग वेगळा शोध घ्यावा लागतो: त्रास आता कशामुळे चालू राहिलाय? मान, डोळ्यांची जुळणी, कानातला तोल, झोप, वेदनाशामक गोळ्या, चिंता आणि हालचाल सुटल्याने गेलेला दम, यांतली दोन-तीन कारणं बहुधा एकत्र असतात. सगळी तपासता येतात, सगळ्यांवर उपाय आहे. त्रास खरा आहे. तो चिंतेने वाढतो हेही खरं, पण हाडाचं दुखणंही चिंतेने वाढतंच.

विश्रांती पहिल्या २४ ते ४८ तासांसाठी योग्य होती. महिनाभर अंधारात पडून राहिल्याने तुमचं नुकसान झालं आहे. झोपेचं घड्याळ बिघडतं, प्रकाश जास्तच खुपायला लागतो, उभं राहिल्यावर नाडीचा वेग नीट सावरत नाही. म्हणून आता विश्रांती वाढवायची नाही आणि दात-ओठ खाऊन कामही रेटायचं नाही. मात्रा मोजून श्रम वाढवायचे.

मोजायचं कसं? काम किंवा चालणं सुरू करण्याआधी त्रासाला ० ते १० मध्ये गुण द्या. श्रम करताना त्रास दोन गुणांपर्यंत वाढला आणि तासाभरात मूळ जागी आला, तर ते चालण्यासारखं आहे. दोनहून जास्त वाढला किंवा तासाहून जास्त रेंगाळला, तर ती मात्रा जास्त झाली. दुसऱ्या दिवशी तीच कृती पाऊण करा, बंद करू नका. चांगल्या दिवशी साचलेलं सगळं काम उरकायचं आणि मग दोन दिवस आडवं व्हायचं, हा सगळ्यात जास्त दिसणारा घोटाळा आहे. चांगल्या दिवशीही ठरलेल्या मात्रेवरच थांबा.

चालणं रोज २० मिनिटं, सपाट रस्त्यावर, शक्यतो सकाळी. रंकाळा तलावाचा काठ त्यासाठी उत्तम, पण पूर्ण फेरीचा हट्ट आत्ता नको. २२० मधून वय वजा केलं की नाडीची अंदाजे कमाल मर्यादा मिळते; तुमची १८६. तिच्या ५५ ते ६० टक्के, म्हणजे मिनिटाला साधारण १०० ते ११० ठोक्यांवर सुरुवात करा. मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. आठवडाभर निभावलं तर ५ ते १० ठोक्यांनी वाढवा. ज्या फिजिओथेरपिस्टकडे ट्रेडमिल आहे ते हळूहळू वेग आणि चढ वाढवून नेमक्या कोणत्या ठोक्याला लक्षणं वाढतात ते काढून देतात आणि मग त्याच्या ८० ते ९० टक्क्यांवर व्यायाम ठरवतात. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात विकसित झालेली ही पद्धत आहे. हृदयविकार, रक्तदाब किंवा बीटा ब्लॉकरची (नाडी मंदावणारी) गोळी असेल त्यांनी आकडा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

कामावर पहिले दोन आठवडे अर्धा दिवस मागून घ्या. २० ते २५ मिनिटं आकडे, मग ५ मिनिटं डोळे मिटून किंवा लांबवर बघत बसणं. ही सुट्टी डोकं दुखायच्या आधी घ्यायची, गजर लावून. दुखल्यावर घेतलेली सुट्टी बरीच लांबते. सौद्याच्या वेळेत हिशेब ठेवू नका. शांत वेळी बिनचूकपणाची कामं, गोंगाटाच्या वेळी पावत्या लावणं, फायली रचणं अशी हातची कामं. स्क्रीनचा उजेड खोलीच्या उजेडाइतका, अक्षरं मोठी. घरात किंवा दुकानात काळा चष्मा लावून बसू नका. डोळे अंधाराला सरावतात आणि साधा ट्यूबलाइटही टोचायला लागतो. उन्हात टोपी, गॉगल चालेल.

'आकडे हलतात' हे तुम्ही लिहिलं ते फार बरं केलं. पेनाचं टोक हातभर अंतरावरून हळूहळू नाकाकडे आणा. ते साधारण ६ सेंटीमीटरपर्यंत एकच दिसायला हवं. त्याआधीच, समजा १२-१५ सेंटीमीटरवर, दोन टोकं दिसू लागली तर दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर नीट जुळत नाहीत. नेहमीच्या चष्म्याच्या तपासणीत नंबर बरोबर येतो आणि हे निसटतं, म्हणून नेत्रतज्ज्ञांना 'जवळची जुळणी तपासा' असं स्पष्ट सांगा. त्याचे व्यायाम असतात आणि ते काही आठवड्यांत उपयोगी पडतात.

रक्ताच्या चार तपासण्या एकदा करा: हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर. बी-१२ कमी असेल तर डोक्यातलं धुकं मार लागण्याआधीपासूनही थोडंफार असू शकतं आणि शाकाहारी घरांत ही कमतरता पुष्कळ सापडते.

मेंदूच्या 'टॉनिक'बद्दल बऱ्याच पत्रांत विचारलंय. सिटिकोलिन सर्रास लिहून दिलं जातं. अमेरिकेत १,२१३ जखमींवर ९० दिवस त्याची चाचणी झाली, निकाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला: औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा काही फायदा नाही. ते पैसे फिजिओथेरपीला वापरा. हेल्मेटही बदला. एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी आतला थर्माकोल दबलेला असतो. चक्कर आणि सुस्ती पूर्ण जाईपर्यंत गाडी चालवू नका.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, वय ४१. कपाटाचं दार डोक्यात लागल्यापासून चार महिने डोकं दुखतंय. मेडिकलमधून गोळी आणते, तासाभरात उतरतं. पूर्वी आठवड्यातून दोन पुरत, आता रोज एक तरी लागतेच, कधी दोन. पहाटे डोकं दुखूनच जाग येते.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमची गोळीच आता डोकेदुखी चालू ठेवते आहे, अशी दाट शक्यता आहे. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी साधी गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि कॅफिन किंवा दुसरं औषध मिसळलेली गोळी, ट्रिप्टान (अर्धशिशीवरची गोळी), ट्रामाडॉल (अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी) हे १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की मेंदूची वेदना ओळखणारी यंत्रणा अतिसंवेदनशील होते. औषधाचा अंमल उतरला की डोकं दुखतं, म्हणून पहाटेची जाग. इथे मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. पाकिटामागे घटक वाचा. मेडिकलमध्ये 'डोक्याची गोळी' म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्या मिश्र असतात आणि त्यांची मर्यादा दहाच दिवसांची आहे.

साधी गोळी एकदम बंद करता येते. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू उतरवायची. बंद केल्यावर पहिले २ ते १० दिवस डोकेदुखी वाढेल, मळमळेल, झोप उडेल. बहुतेक जण याच टप्प्यावर माघार घेतात, कारण हे होणार असं त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. परीक्षेचे पेपर तपासायच्या दिवसांत हे सुरू करू नका, दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी धरा. चहासुद्धा दिवसाला दोन कपांवर आणा, पण एकेक कप कमी करत. एकदम तोडला तर त्यानेही डोकं दुखतं. पुढे गोळी आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त नाही आणि कॅलेंडरवर त्या तारखेला फुली.

बंद करताना आधाराला प्रतिबंधक औषध देता येतं. कोणतं द्यायचं हे डोकेदुखीच्या प्रकारावर ठरतं. एका बाजूला ठणके, मळमळ, उजेड नकोसा असेल तर ती अर्धशिशीच्या जातीची. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं असेल तर ताणाची. मानेतून वर चढत असेल आणि मान वळवल्यावर वाढत असेल तर मानेची, तिला फिजिओथेरपी लागते. झोप बिघडली असेल तर रात्री १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिनपासून सुरुवात करतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती येते, आणि गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर ते चालत नाही. दमा असेल तर प्रोप्रानोलॉल हे दुसरं प्रतिबंधक औषध नको. टोपिरामेट हे तिसरं औषध डोकेदुखीवर चांगलं आहे, पण त्याने शब्द आठवेनासे होतात. वर्गात बोलायचं असेल आणि डोक्यात आधीच धुकं असेल, तर डॉक्टरांना हे सांगून दुसरा पर्याय विचारा.

चंपी, आणि केस कापून झाल्यावर मान कडाडून मोडून घेणं, दोन्ही बंद. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी धमनी आतून फाटू शकते.

प्रश्न : डोक्याला लागल्यापासून अंथरुणावर डाव्या कुशीला वळलं की खोली फिरते. अर्ध्या मिनिटात थांबते. चक्करेची गोळी दोन महिने चालू आहे.
– एक गृहिणी, कसबा बावडा

उत्तर : माराने आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले असावेत. कुशीवर वळताच फिरणं आणि मिनिटाच्या आत थांबणं ही त्याची खूण आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा तोलाचे उपचार करणारे फिजिओथेरपिस्ट डोकं एका बाजूला वळवून झटकन आडवं करतात आणि डोळ्यांची हालचाल बघून बाजू ओळखतात. मग एपली नावाच्या पद्धतीने डोकं ठराविक क्रमाने फिरवून कण परत जागेवर आणतात. काही मिनिटांचं काम आहे, एक ते तीन वेळा करावं लागतं. गोळीने कण हलत नाहीत. उलट अशा गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर मेंदू तोल सावरायला शिकतच नाही, सुस्ती येते, आणि काही गोळ्यांमुळे वयस्क माणसांत हात थरथरतात.

प्रश्न : वय १९, पेठेतल्या संघातून फुटबॉल खेळतो. तीन आठवड्यांपूर्वी हेडरला उडी मारताना समोरच्याच्या डोक्याला डोकं लागलं. आता एरवी बरं वाटतं, धावलं की डोकं दुखतं. पुढच्या आठवड्यात शाहू स्टेडियमवर सामना आहे. गोळी घेऊन खेळू का?
– एक खेळाडू, शिवाजी पेठ

उत्तर : नको. धावल्यावर डोकं दुखतंय याचा अर्थ तू अजून बरा झालेला नाहीस, आणि गोळी ती खूण झाकून टाकेल. या अवस्थेत प्रतिक्रिया मंद असते, चेंडूचा अंदाज चुकतो, दुसरा मार लागायची शक्यता वाढते. पहिला बरा होण्याआधी दुसरा मार बसला तर लक्षणं महिनोन्महिने राहतात. क्वचित मेंदूला वेगाने सूज येऊन जीवही जातो, आणि हे मुख्यतः तुझ्याच वयाच्या खेळाडूंमध्ये घडलेलं आहे.

परत येण्याच्या सहा पायऱ्या खेळातल्या डोक्याच्या मारावरच्या २०२२ च्या ॲम्स्टरडॅम परिषदेत ठरल्याप्रमाणे अशा: पहिलीवर कॉलेज आणि रोजची कामं, दुसरीवर सायकल किंवा चालणं, आधी कमाल नाडीच्या ५५ टक्क्यांपर्यंत, नंतर ७० पर्यंत, तिसरीवर एकट्याने धावणं, दिशा बदलणं, चेंडू पायाने घोळवणं, चौथ्या पायरीवर संघाबरोबर सराव, पण अंगाला अंग न लावता, पाचवीवर पूर्ण सराव, सहावीवर सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. तिसरीपर्यंत थोडी लक्षणं चालतात. चौथी चढण्याआधी धावूनही लक्षण शून्य हवं आणि डॉक्टरांची परवानगी हवी. हेडर पाचव्या पायरीवर, तेही आधी हलक्या चेंडूने. तू आत्ता दुसऱ्या पायरीवर आहेस, त्यामुळे हा सामना तुझा नाही. प्रशिक्षकांना आजच सांग, म्हणजे त्यांना दुसरा खेळाडू तयार करता येईल.

तालमीतल्या पैलवानांनाही हीच शिडी. त्यांच्यासाठी एवढंच जास्तीचं: जोर मारताना डोकं खाली जातं आणि श्वास कोंडला जातो, त्यामुळे तिसऱ्या पायरीपर्यंत साध्या बैठका आणि चालणंच ठेवा. मानेवरचा पूल आणि लढत सगळ्यात शेवटी. वस्तादांनी पोराला 'काही होत नाही, ऊठ' म्हणण्याआधी त्याला आज वार कोणता आणि आत्ता कोणाशी कुस्ती धरली होतीस, एवढं तरी विचारावं. उत्तर चुकलं तर त्या दिवशी तो आखाड्याबाहेर. आणि उत्तर बरोबर आलं तरी डोकं दुखत असेल, गरगरत असेल, तरीही बाहेरच.

प्रश्न : सूनबाईंना गाडीवरून पडून तीन महिने झाले. चिडचिड करतात, दूध तापवायला ठेवून विसरतात, पाहुणे आले की खोलीत जाऊन बसतात. औषधोपचार सुरू आहेत. घरच्यांनी नेमकं काय करावं?
– एक सासूबाई, फुलेवाडी

उत्तर : तुम्ही हे विचारलंत, यानेच अर्धं काम होतं. चिडचिड हा स्वभाव बदलल्याचा पुरावा मानू नका. एका वेळी कुकरची शिट्टी, टीव्ही आणि दोन माणसांचं बोलणं आलं की त्यातलं नको ते बाजूला सारण्याची मेंदूची ताकद सध्या कमी आहे, आणि मग पहिला येतो तो राग. म्हणून स्वयंपाकघरात एका वेळी एकच काम. सूनबाई चुलीपाशी असताना टीव्ही बंद. गॅसवर काही ठेवलं की लगेच मोबाइलवर गजर, आणि गजर वाजेपर्यंत ओटा सोडायचा नाही. दूध तापवायचं काम तूर्त दुसऱ्या कोणी घ्यावं. बाजाराची यादी तोंडी सांगू नका, फळ्यावर लिहा. 'सांगितलं होतं ना' हे वाक्य घरातून काढून टाका.

सकाळी उठायची वेळ रोज तीच, रविवारीही. दुपारची झोप अर्ध्या तासापुरती आणि तीनच्या आत. जेवणाच्या वेळा चुकवू नयेत, उपवास तूर्त नकोत. पाहुण्यांना आधी सांगा की त्या अर्धा तास बसतील आणि मग आत जातील, म्हणजे खोलीत जाणं अपमानाचं ठरणार नाही. मिरवणुकीचा मार्ग घरावरून जात असेल तर डॉल्बी आणि लेझरच्या त्या रात्री त्यांना माहेरी किंवा शांत वस्तीतल्या नातेवाइकांकडे पाठवा. एरवी मात्र आवाजापासून पूर्ण लपवू नका. रोज थोडा वेळ, सोसेल इतक्या गजबजीत नेऊन आणा, आधी कोपऱ्यावरचं किराणा दुकान, मग दुपारच्या शांत वेळी अंबाबाईचं देऊळ, आणि महाद्वार रोडची संध्याकाळ बरीच नंतर.

दोन आठवड्यांहून जास्त काळ त्या सतत उदास असतील, कशातच मन लागत नसेल, पडल्याचा प्रसंग स्वप्नात येत असेल किंवा गाडीचा नुसता आवाज ऐकून घाम फुटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट उपचारांत जोडा. 'जगून काय करायचं' असं बोलल्या तर त्याच दिवशी न्या, तोवर एकटं ठेवू नका. पहिल्या भेटीला तुम्ही स्वतः बरोबर जा आणि तिन्ही महिन्यांत घरात काय बदललं ते कागदावर लिहून न्या. डॉक्टरांसमोर बसल्यावर सूनबाईंना स्वतःला ते सगळं आठवणार नाही.